तिकिटांचा मोर

माझ्या लग्नाच्या रुखवतात एक मोर होता. हातभर उंच, काचेच्या चौकटीत बसवलेला, पिसारा पुरता फुललेला. ज्यांनी तो पाहिला त्यांनी तोंडात बोटं घातली, आणि पुढे कित्येक वर्षं मी माहेरी आले की बायका मला बाजारात थांबवून विचारायच्या, "तां मोराचां रुखवत तुझांच मा गो?" मी हो म्हणून पुढे जायचे, कारण नाही म्हणायचं तर फार लांब बोलावं लागलं असतं. आज ते लांब बोलणार आहे. तो मोर माझ्या पोस्टाच्या तिकिटांचा केलेला होता, मला न विचारता. वय झालं की राग निवतो म्हणतात. माझा काही निवला नाही.

मालवणात आमच्या घराला लागून एका नारळ-सुंभाच्या व्यापाऱ्याची वखार होती. तिथे आलेलं पत्र वाचून झालं की ते पाकिटासकट भिंतीवरच्या तारेत खुपसायचं, अशी आज्यापणज्यापासूनची रीत. तार भरली की ती माळ्यावर जायची आणि तिच्या जागी नवी लागायची. कालिकत, मंगळूर, कराची, जंगबार, कुठून कुठून आलेली पाकिटं त्या माळ्यावर धूळ खात पडलेली. म्हाताऱ्या व्यापाऱ्यानं मला परवानगी दिली होती, पाकिटावरची तिकिटं ने, आतल्या पत्राला हात लावू नकोस. मी तेव्हा मराठी शाळेत होते. बऱ्याच तिकिटांना तारेचं भोक पडलेलं असायचं, कधी राजाच्या कानातून, कधी राणीच्या नाकातून. पत्रं तारेत खुपसायची युक्ती ज्या कुणी काढली त्याला मी लहानपणी पुष्कळ शिव्या घातल्या आहेत.

तिकीट सोडवायचं म्हणजे पाकिटाचा तेवढा कोपरा पाण्यात टाकायचा आणि हात बांधून बसायचं. घाई केली की तिकीट पातळ होतं, सोललं जातं. आपोआप कागद सोडून ते वर तरंगलं की अलगद उचलून, तोंड खाली करून, जुन्या वर्तमानपत्रावर वाळवायचं. घरात यावरून रोज कटकट. आई म्हणायची, कढीच्या वाटीत ही कसली घाण भिजत घातलीय? वाटी मी स्वतः चिंचेनं घासून ठेवत असे, पण ते कुणी पाहायचं नाही. पावसाळ्यात तर आमच्याकडे मीठसुद्धा पाणी धरतं, तिथे तिकिटांचं काय. ती एकमेकांना चिकटून वड्या होऊ नयेत म्हणून मी ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून डबा तांदळाच्या कणगीत पुरून ठेवायची. तांदूळ ओल ओढून घेतो. हे मला कुणी शिकवलं नाही, माझं मीच शोधून काढलं.

आणि एक गोष्ट मी कधी केली नाही. तिकीट वहीत मी कधीही चिकटवलं नाही. पोस्टात तिकिटांच्या कागदाला कडेनं कोऱ्या डिंकाच्या पट्ट्या असतात, त्या तिथले बाबू फेकून देत. त्या मी मागून आणायची, बोटभर तुकडा दुमडून त्याची बिजागरी करायची आणि तिकीट तेवढ्यावर टांगायचं. म्हणजे उचलून मागची बाजू पाहता येते. तिकिटाची मागची बाजू ही अर्धी गोष्ट असते. हे मी घरात किती वेळा सांगितलं असेल त्याला गणती नाही. ऐकणाऱ्यांत आत्येही असायची.

आत्ये म्हणजे बाबांची थोरली बहीण. लहान वयात विधवा होऊन आमच्याकडे आली ती कायमची. तिचा हात असा की अर्ध्या मालवणाची रुखवतं तिनं केलेली. माशाच्या खवल्यांची फुलं, सुपाऱ्यांचे नवरा-नवरी, लवंगा-वेलच्यांचं देऊळ, शिंपल्यांचं तुळशीवृंदावन. लग्न ठरलं की लोक आधी भटजींकडे जायचे आणि मग आत्येकडे. तिच्या हातात कात्री आणि शेजारी वाटीत तांदळाची खळ असली की घरातली कुठलीच वस्तू सुखरूप नसायची. मला तिनं शिवण, भरतकाम, मण्यांचं काम सगळं शिकवून पाहिलं. माझा हातच नव्हता त्यात. ती म्हणायची, "तुझ्या रुखवतात काय मांडूचां गो, कागदाचे कपटे?" मी हसायचे. तेव्हा हसायला येत होतं.

कपटे म्हणे. वखारीच्या माळ्यावरच्या एका तारेत मला निळी, अर्ध्या आण्याची, राणीच्या चेहऱ्याची तिकिटं सापडली. वर नुसतं इंडिया नव्हतं, ईस्ट इंडिया लिहिलेलं. तेवढ्यावरून ती जुनी हे कळलं, पण खात्री नव्हती. एक दिवस माजघराच्या झरोक्यासमोर एक तिकीट धरलं आणि कागदाच्या आत हत्तीचं डोकं दिसलं. सोंड, कान, सगळं. छापलेलं नव्हे, कागद बनवतानाच त्याच्या अंगात उमटवलेलं. पुढच्या काळातल्या तिकिटांत तिथे चांदणी असते. म्हणजे हत्ती असेल तर जुनं, चांदणी असेल तर नंतरचं, हे मी पुढची कित्येक तिकिटं झरोक्यासमोर धरून माझ्या अकलेनं ठरवलं. मग एक दिवस ते हत्तीचं तिकीट शाळेत नेलं. गुरुजींनी तिकीट उजेडासमोर धरायचेसुद्धा कष्ट घेतले नाहीत. डाग आहे म्हणाले, आणि वर्ग हसला. त्याच वर्गात एका मुलाला त्याच्या काकांनी मुंबईहून परदेशी तिकिटांचं तयार पुडकं आणून दिलं होतं, वर देशांची नावंसुद्धा छापलेली. त्याला काही ओळखायचंच नव्हतं. पण तो अभ्यासू ठरला आणि त्याचं पुडकं हेडमास्तरांच्या खोलीत मांडलं गेलं. मुलानं केलं की छंद आणि मुलीनं केलं की चाळा, हा न्याय मला तेव्हा कळला. मान्य मात्र कधी झाला नाही.

मी जमवत राहिले. आगबोटीवर नोकरीला असलेले शेजारी बसऱ्याहून, एडनहून पाकिटं पाठवायचे. बहारीनचं तिकीट म्हणजे आपलाच राजा, वर काळ्या शाईत बहारीन असा ठसा, एवढं मी बघताच ओळखायची. हेल्वेशिया नावाचा देश भूगोलाच्या पुस्तकात कुठेच सापडेना. शेवटी तिकिटावरचे बर्फाचे डोंगर आणि पाकिटावरच्या शिक्क्यातलं गावाचं नाव नकाशात ताडून पाहिलं, तर तो स्वित्झर्लंड निघाला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही इतका आनंद झाला होता. सांगायला घरात कुणी नव्हतं, म्हणजे माणसं होती, ऐकणारं नव्हतं.

या सगळ्यात माझा जीव होता तो एका पाकिटावर. माझी मावशी गोव्यात पेडण्याला दिलेली. नाकाबंदीच्या वर्षांत तिचं पत्र आलं तर आलं, तेही उशिरानं. मग गोवा मुक्त झाला आणि लगेचच्या दिवसांत तिचं खुशालीचं पत्र आलं. त्या थोड्या दिवसांत तिथे जुनी पोर्तुगीज तिकिटंही चालत होती आणि आपलीही. मावशीनं हौसेनं दोन्ही लावली होती. एक त्यांचं हिरवं-जांभळं, शेजारी आपलं, आणि दोघांवर मिळून पोस्टाचा एकच शिक्का, अर्धा यावर, अर्धा त्यावर. एक राज्य संपून दुसरं सुरू झालं ते हातभर अंतरावर आमच्याच माणसांच्या घरात, आणि त्याची खूण माझ्या हातात. ते पाकीट मी भिजवलं नाही, कापलं नाही. सगळ्यांना बजावून सांगितलं की याची किंमत अख्खं असण्यात आहे. आत्येनं तेव्हा ते हातात घेऊन निरखून पाहिलं होतं. रंग बरो आसा, म्हणाली होती.

मग माझं लग्न ठरलं. पाहायला आले तेव्हा होणाऱ्या सासूबाईंनी हाताचं काय काय येतं म्हणून विचारलं. मी सांगितलं, जुनी तिकिटं ओळखता येतात. बाबा घाईघाईनं म्हणाले की भरतकाम शिकतेच आहे. मी शिकत नव्हते, पण मुलीच्या बापाला खोटं माफ असतं म्हणे. मुलगा सावंतवाडीला कोर्टात कारकून. तो भला वाटला. मी मनाशी पक्कं केलं होतं की साड्या कमी मिळाल्या तरी चालेल, माझा डबा आणि वही सासरी माझ्याबरोबर जाणार.

लग्नाआधी केळवणांची रांग लागते. मामा तोंडवलीला राहायचा, त्याच्याकडे मी केळवणाला गेले आणि मामीनं चार दिवस ठेवून घेतलं. परत आले तर पडवीत बायकांची गर्दी. मला पाहून त्या बाजूला झाल्या आणि मला पुढे ढकललं. भिंतीला टेकवून मोर ठेवला होता.

आधी मला मोरच दिसला, खोटं कशाला सांगू. मग मान दिसली. मान निळ्या राणीची होती. अर्ध्या आण्याच्या निळ्या तिकिटांचे कडेचे दाते कात्रीनं साफ उडवून, त्यांची खवलं कापून, एकावर एक बसवलेली. पोटाला बहारीन, पंखाला जंगबार आणि एडन, पायाला तांबडा पंचम जॉर्ज. पिसाऱ्याला कुठले कुठले देश. मधल्या मोठ्या डोळ्याला एक हिरवा-जांभळा गोल होता, आणि त्यावर अर्धा शिक्का.

मी विचारलं, "मावशीचं पाकीट कुठे आहे?"

आत्ये आनंदात होती. तिचे डोळे लाल झाले होते, बोटांना खळ वाळून कोंडा धरला होता. ती म्हणाली, "त्यातलाच डोळो केलंय गो. तुझी तिकिटां डब्यात पडान होती. आता सगळो गाव बघतलो."

मी तिथेच पडवीत बसून मोठ्यानं रडायला लागले. आणि मग जे झालं त्याचा राग मला मोराच्या रागाइतकाच आहे. बायकांनी मला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, एकमेकींकडे बघून स्वतःचे डोळे पुसले. माहेर सुटताना असंच होतं, म्हणाल्या. आत्येनं एवढं मायेनं केलेलं बघून पोरीला भरून आलं, म्हणाल्या. मी ओरडून सांगत होते की माझी तिकिटं कापली, माझी तिकिटं कापली, तर एकीनं दुसरीला सांगितलं, लग्नघरातली पोर, काय बोलते तिचं तिला कळत नाही. मला माझ्या कारणासाठी रडूसुद्धा दिलं नाही कुणी. आईनं आत नेऊन कानाशी सांगितलं की गप्प राहा, ती बिचारी म्हातारी, तिला काय कळतं, प्रेमानं केलंय. बाबा तेच म्हणाले. तिला काय कळतं, हे वाक्य त्या दिवसापासून मी इतक्या तोंडांतून ऐकलं की मलाही ते खरं वाटायला लागलं. अडाणी प्रेमावर रागावणं म्हणजे वाईट माणूस होणं, म्हणून मी राग गिळत राहिले. गिळलेला राग पचत नाही.

सावंतवाडीला मोर बैठकीच्या खोलीत टांगला गेला. येईल त्याला यजमान अभिमानानं दाखवायचे, हिनं केलाय. मी नाही केला म्हटलं तर ते समजायचे विनय आहे. कोर्टातले लोक घरी आले की आधी मोराची आरती. एकानंही कधी विचारलं नाही की ही तिकिटं कुठली, कधीची. यजमान मनानं चांगले. त्यांनी माझी आवड लक्षात ठेवून कचेरीतल्या जुन्या पावत्यांवरची रेव्हेन्यू तिकिटं पिशवी भरून आणली आणि कौतुकाच्या अपेक्षेनं समोर उभे राहिले. तिकीट म्हणजे तिकीट, त्यात काय फरक, हे त्यांचं मत. मी फरक समजावायला बसले तर ते मध्येच झोपले.

मोर आतून खाल्ला जात होता, हे फक्त मला दिसत होतं. तांदळाची खळ म्हणजे कसरीला पक्वान्न. एका पावसाळ्यात पायाचा पंचम जॉर्ज गेला, पुढच्या पावसाळ्यात पंखाला बारीक भोकं पडायला लागली. मी रोज केर काढताना ते बघायची.

नणंदेचं लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी मला बोलावून सांगितलं, "आता हिच्यासाठी पण असोच एक मोर कर." त्यांनी शेजारीपाजारी सांगून पाकिटंही जमवायला लावली होती. पाकिटांचा तो ढीग त्यांनी माझ्यापुढे ओतला, आणि शेजारी कात्री ठेवली.

मी सांगितलं, "मी केला नव्हता. आत्येनं केला होता, माझी तिकिटं कापून. मी करणार नाही."

मग उठले, मोर भिंतीवरून उतरवला, चौकटीचे खिळे काढले आणि सगळ्यांच्या देखत तो अख्खा पुठ्ठा घंगाळातल्या पाण्यात बुडवला. नणंद रडायला लागली. संध्याकाळपर्यंत खळ सुटली आणि तुकडे वर आले. मी ते एकेक करून वाळवले. दाते नसलेले, गोल कापलेले, कसरीनं खाल्लेले. संग्राहकाला त्यांचा काडीचा उपयोग नाही, हे मला ठाऊक होतं. पण ते कुणाच्या तरी पिसाऱ्यात असण्यापेक्षा माझ्या डब्यात मेलेले बरे होते. घरात काही दिवस माझ्याशी कुणी धड बोललं नाही.

नणंदेच्या रुखवतासाठी शेवटी आत्येलाच बोलावलं. ती एसटीनं आली, पाय धुऊन बैठकीत आली आणि तिची नजर रिकाम्या खिळ्यावर गेली.

"मोर खंय?"

मी सांगितलं. सोडवला, पाण्यात घालून. मला वाटलं ती रडेल. मी मनात तयारीही केली होती, की कसं सांगायचं, तुझी चूक नव्हती, तुला काय कळणार होतं.

ती रडली नाही. चिडली. रात्रंदिवस एक करून केलेलं काम पाण्यात बुडवताना माझे हात कसे धजले, म्हणून तिनं मला फैलावर घेतलं. मग मीही आवाज चढवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला तोंडावर विचारलं, निदान मला विचारायचं तरी होतंस.

ती शांतपणे म्हणाली, "इचारलां असतां, तर तू कापूक दिलं असतंस?"

"नाही."

"म्हणानच मी इचारूक नाय."

तिला कळत होतं. बिजागरीवर टांगलेलं तिकीट, अख्खं ठेवायचं पाकीट, मी सांगितलेलं सगळं तिनं ऐकलं होतं आणि लक्षातही ठेवलं होतं. म्हणून तर मी तोंडवलीला जाईपर्यंत ती थांबली होती.

ती पुढे बोलतच होती. "सगळ्या मालवणाची रुखवतां मी करतंय. आणि माझ्याच भावाच्या चेडवाच्या रुखवतात काय, तर पापड नि लोणची? लोक माका काय म्हणतले होते?"

तिला अडाणी म्हणणाऱ्या सगळ्यांनी मला इतकी वर्षं फसवलं होतं. माझ्या घरात माझ्या तिकिटांची किंमत नेमकी ओळखणारी एकच बाई होती, आणि स्वतःची अब्रू राखायला तिनंच ती जाणूनबुजून कापली. मी तिला चहा दिला, पाठीमागे तक्या दिला, जेवायला वाढलं. माफ केलं नाही.